समुद्र कुठेही जात नाही, आधी जुलै बघा

पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही चिंचवडला राहतो. मी ४६ वर्षांची, यजमान ५०. त्यांचं काम आता घरूनच चालतं, महिन्यातून एकदा पुण्याच्या ऑफिसात तोंड दाखवावं लागतं. मुलगा नववीत आहे. सासूबाई ७७ वर्षांच्या, माळकरी. गुडघे दुखतात आणि दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. मूळ गाव बार्शीकडचं, कोकणात आमचं कुणी नाही. तरी दर सुटीत तिकडेच जातो आणि आता कायमचं जायचं ठरवलंय. अलिबाग, दापोली, चिपळूण, रत्नागिरी, मालवण, कुडाळ अशी यादी केली आहे आणि तिच्यावरून रोज वाद होतात. दापोलीजवळ एका एजंटाने अकरा गुंठे दाखवलेत, तिथून समुद्र दिसतो. सातबाऱ्यावर नऊ नावं आहेत, पण ‘सगळे मुंबईला असतात, सह्या होतील’ म्हणतो. शेतकरी दाखल्याचंही ‘बघून घेऊ’ म्हणतो. बयाण्यासाठी घाई करतोय. दुसरी भीती अशी की कोकणातले लोक बाहेरच्याला आत घेत नाहीत असं सगळे सांगतात, आणि आम्ही तर घाटावरचे. काय करावं?

— एक वाचक, चिंचवड

उत्तर

ताई, बयाणा देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू, पण एजंट घाई करतोय म्हणून हे आधी.

कोकणातल्या सातबाऱ्यावर नऊ नावं असणं यात नवल काही नाही. आजोबांच्या नावावरची जमीन मुलांच्या, नातवांच्या आणि सासरी गेलेल्या मुलींच्या नावे चढत जाते. वाटप कुणी करून घेत नाही, कारण मोजणी आणि सरकारी फी यात जेवढा पैसा जाईल तेवढं त्या कातळावर पिकतही नाही. एरवी त्या जमिनीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. गिऱ्हाईक आलं की मात्र नऊच्या नऊ जणांना जमीन आठवते, आणि त्यातला एक जण हमखास गणपतीच्या वेळी एजंटाशी भांडलेला असतो. त्या एकाने सही केली नाही, तर तुम्ही जागेबरोबर त्या घरातलं भांडणही विकत घेतलंत असं समजा. नावांच्या पलीकडे ‘इतर हक्क’ हा रकानाही वाचा. कुळाचं नाव, बँकेचा बोजा, वाटेचा हक्क या गोष्टी तिथे असतात. जमीन कुळकायद्याने मिळालेली असेल, तर विक्रीला स्वतंत्र अटी लागू होतात. जुने फेरफार काढून बघा. हे सगळं तालुक्याच्या गावी बसणाऱ्या आणि एजंटाने न सुचवलेल्या वकिलाकडून तपासून घ्या.

शेतकरी दाखल्याचं ‘बघून घेऊ’ हे मला त्याहून खटकलं. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे, शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तुम्ही बार्शीकडचे आहात, तर मग तिथल्या सातबाऱ्यावर यजमानांचं नाव आहे का, हे आजच बघा. नाव असेल तर ते महाराष्ट्रात कुठेही शेतकरीच, ‘बघून घेण्या’सारखं काही उरत नाही. सगळं काकांच्या नावावर असेल, तर बिनशेती प्लॉट किंवा तयार घर घ्या. खोट्या दाखल्यावर घेतलेली जमीन सरकारजमा होऊ शकते, आणि तेव्हा एजंट फोन उचलत नाही. शिवाय समुद्र दिसतो म्हणजे भरतीरेषा किती लांब आहे? समुद्राकडच्या ५०० मीटरच्या पट्ट्याला सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात. तिथे घर बांधता येईल का, हे एजंटाच्या तोंडून ऐकू नका, लेखी मागा.

आता तुमची यादी. तुम्ही ती किनारे बघून केली आहे, आणि सुटीला येणाऱ्या माणसाने तसंच करावं. पण राहणाऱ्या माणसाचा समुद्राशी संबंध आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी येतो. दवाखाना, बाजार, वीज आणि एसटी यांच्याशी रोज येतो. तुमच्या घरात अँजिओप्लास्टी झालेल्या सासूबाई आहेत, पुढे अकरावीत जाणारा मुलगा आहे आणि नेटवर पोट असलेले यजमान आहेत. यादी या तिघांनी करायला हवी होती.

अलिबाग तुम्हाला पुण्याहून सगळ्यात सोयीचं, हे खरं. पण मांडव्याची बोट आणि २०२० साली सुरू झालेली, गाड्याही नेणारी रो-रो बोट यांमुळे ते आता मुंबईकरांचं अंगण झालंय. किहीम, आवास, नागावकडचे जमिनीचे भाव मुंबईच्या खिशाने ठरतात, आणि शनिवारी दुपारी तुम्ही भाजीला बाहेर पडलात तर गाडीतच बसून राहाल. ज्यांना हे चालतं त्यांनी जरूर जावं. तुमच्या पत्राचा सूर बघता तुम्हाला ते चालणार नाही.

मालवण देखणं आहे, आणि तिथे भाड्याने नीट घर मिळणं तितकंच अवघड. ज्याच्याकडे जादा खोली आहे तो ती पर्यटकाला रोजाने देतो, तुम्हाला महिन्याने कशाला देईल? रेल्वेसाठी कुडाळ किंवा कणकवली गाठावी लागते. कुडाळ-सावंतवाडी हा पट्टा मला राहण्यासाठी फार आवडतो. स्टेशन आहे, बाजार भरलेला असतो, गोव्यातला मोपा विमानतळ जवळ आहे, आणि सिंधुदुर्गातले लोक मोठ्या दुखण्याला सवयीने गोव्यातल्याच बांबोळीचं सरकारी रुग्णालय गाठतात. पण दर महिन्याला पुणे म्हणजे फोंडा किंवा आंबोली घाट चढून कोल्हापूर आणि तिथून पुढे. यजमान वर्षभरात कंटाळतील.

दापोलीची हवा खरोखर सुखाची. समुद्रापासून थोडं उंचावर असल्याने तिथे घाम कमी येतो, आणि १९७२ पासून कृषी विद्यापीठ असल्यामुळे बाहेरून आलेल्या माणसांची गावाला सवयही आहे. पण रेल्वेसाठी खेडला उतरा, हृदयाच्या मोठ्या दुखण्यासाठी आणखी पुढे धावा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागातल्या पोफळी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. घरून काम करणाऱ्याने तेवढे दिवस काय करायचं, याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर दापोली यादीत राहू द्या.

चिपळूण कुणाच्या स्वप्नातल्या यादीत नसतं, तुमच्या यादीत आहे याचं मला कौतुक वाटलं. कुंभार्ली घाटाने कराड, आणि कराडहून पुणे. सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. मात्र २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन तारखा चिपळूणकर विसरत नाही. वरून मुसळधार, वाशिष्ठी फुगलेली, कोयनेचं अवजलही (वीज काढून सोडलेलं पाणी) त्याच नदीत येणारं आणि खाली खाडीला भरती, असं सगळं जुळून आलं की बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढतं. तिथे घर बघताना भाव नंतर विचारा. आधी विचारा, २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं? जुन्या भिंतीवर खूण असते, आणि शेजारी बोट लावून दाखवतात. जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषा नकाशावर असतात, त्याही बघून घ्या. उंचावरचं घर मिळालं तर चिपळूण तुमच्यासाठी उत्तम दुसरा पर्याय आहे.

पहिला रत्नागिरी. जिल्ह्याचं ठिकाण, जिल्हा रुग्णालय आणि त्याला जोडून आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, गोगटे-जोगळेकरसारखं जुनं कॉलेज, स्टेशन, एमआयडीसी. संध्याकाळी मांडवीच्या जेट्टीवर जायला रिक्षा मिळते. पुण्याला जायचं तर आंबा घाट. तो घाटही २०२१ च्या पावसात खचला होता, तेव्हा पावसाळ्यात महिन्याची ती वारी एखाद्या वेळी चुकेल हे ऑफिसात आधीच सांगून ठेवलेलं बरं. रेल्वेचा तुम्हाला फारसा उपयोग नाही, पनवेलचा वळसा पडतो. शहरात पाणी शीळ धरणाचं येतं, आणि उन्हाळा ताणला की ते जपून सोडतात. शहर म्हणून ते काही फार सुंदर नाही. रस्ते अरुंद, चढउतार भरपूर, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना ते चढ जाणवतील. तळमजल्याचं घर बघा.

पण माझ्या शब्दावर घर हलवू नका. मुलगा नववीत आहे, म्हणजे तुमच्या हातात एक अख्खा पावसाळा आहे, आणि त्याहून मोठी परीक्षा कोकणात नाही. जुलैत पंधरा दिवस रत्नागिरीला येऊन राहा. रिसॉर्टमध्ये नको, वस्तीतल्या एखाद्या खोलीत. यजमानांनी तिथूनच काम करावं, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं आणि इन्व्हर्टर घेऊन. दिवसात किती वेळा लाइट जाते आणि नेट कधी मान टाकतं, हे त्यांनाच कळू दे. सासूबाईंना बरोबर आणा. शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर त्या कशा चालतात ते बघा. आठव्या दिवशी कपाटातल्या कपड्यांना वास येईल, चपलेला बुरशी धरेल आणि तुम्हा दोघांचं एकदा तरी कडाक्याचं भांडण होईल. ते इथेच झालेलं बरं. रात्री अकराला पावसात गाडी काढून रुग्णालयापर्यंत किती वेळ लागतो, हेही एकदा मोजा. गावाच्या कडेला घर घ्यायचं मनात असेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरची लस असते का, ते विचारा. हा विषारी फुरशांचा मुलूख आहे, आणि असं विचारलं म्हणून कुणी तुम्हाला भित्रं म्हणणार नाही.

दुसरी खेप मेच्या उत्तरार्धात, पाणी बघायला. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात मेमध्ये वाड्यांवर टँकर जातात, हे घाटावरच्या माणसाला खोटं वाटतं. जांभ्याची जमीन पाणी धरत नाही. जुलैत अंगणातून ओढा वाहतो आणि मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो. विकणारा माणूस विहीर नेहमी ऑक्टोबरात दाखवतो.

आता तुमची दुसरी भीती. लोक आत घेत नाहीत हे अर्धं खरं आहे. तुम्हाला पहिल्या आठवड्यात तीन प्रश्न येतील: कुठले, आडनाव काय, इथे कोण तुमचं? तिसऱ्याचं उत्तर ‘कुणी नाही’ असं आलं की समोरचा जरा थांबेल, आणि मग तुम्हाला ‘घाटावरचे’ या खात्यात टाकून मोकळा होईल. ते मनाला लावून घेऊ नका. चेष्टा सुरू झाली म्हणजे दखल घेतली. आडनावाच्या प्रश्नामागे जात असते, हेही उघड बोलू. कोकणातली गावं वाड्यांची आहेत, आणि बहुतेक वाड्या जातींच्या आहेत. कोणत्या वाडीत भाड्याने राहिलात, सुरुवातीला कुणाकडे चहा घेतलात, यावरून तुमच्याबद्दल मतं ठरतात. माझं म्हणणं, पहिल्या दोन महिन्यांत मुद्दाम सगळीकडे चहा घ्या. एकदा एका ओटीवरचे झालात की दुसऱ्या ओटीवर बोलावणं यायला वर्षं लागतात. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावात हा जाच पुष्कळ कमी असतो. मी तुम्हाला खेड्याऐवजी शहराकडे ढकलतेय, त्याचं हेही एक कारण.

रत्नागिरीत बाहेरून आलेला सगळ्यात प्रसिद्ध माणूस म्हणजे ब्रह्मदेशाचा थिबा राजा. इंग्रजांनी १८८६ साली त्याला इथे आणून ठेवलं, १९१० मध्ये मोठा राजवाडा बांधून दिला, १९१६ साली तो इथेच वारला. तीस वर्षं राहूनही तो शहरापासून लांबच राहिला. अर्थात तो कैदी होता, त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याची नात टुटू मात्र इथल्याच एका माणसाशी संसार करून, चारचौघींसारखे कष्ट करून, मराठी बोलत इथेच म्हातारी झाली. तिला कुणी परकी म्हणत नसे. आजही पर्यटक राजवाडा बघून जातात, आणि म्हाताऱ्या रत्नागिरीकरांना मात्र टुटू आठवते.

लोक नव्या माणसावर खरे चिडतात ते कशावरून? गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून. बाहेरचा माणूस जागा घेतो आणि पहिलं काम कंपाउंड घालण्याचं करतो. त्या जागेतून शंभर वर्षं पायवाट असते. शाळेची पोरं, पाण्याला जाणाऱ्या बायका, देवळाकडे जाणारा गुरव, सगळे तिथून जातात. कागदावर ती वाट कधी असते, कधी नसते. तुम्ही गेट लावलंत, तर कायदा कदाचित तुमच्या बाजूने असेल, पण पुढची वीस वर्षं तुमच्याकडे नारळ पाडायला माणूस येणार नाही. उद्या जागा घेतलीत तर वाट सोडून गडगा घाला. विहिरीचंही तसंच.

दुसरा राग मजुरीचा. गड्याला शेजारी जो रोज देतात तोच द्या. पुण्याच्या हिशोबाने तुम्हाला तो कमी वाटेल आणि तुम्ही उदारपणे दीडपट द्याल. गडी खूश होईल, आणि वाडीतल्या ज्या म्हातारीची भाताची लावणी त्यामुळे अडली ती तुमच्या नावाने बोटं मोडेल. जास्त द्यायचंच असेल तर त्याच्या मुलीच्या शाळेच्या वेळी द्या. वर्गणीतही घरटी जी ठरली असेल तीच. पहिल्याच वर्षी पाच आकडी पावती फाडणाऱ्याला लोक नमस्कार करतात आणि त्याच्यापासून लांब राहतात.

तुम्हाला ज्यांची सगळ्यात जास्त काळजी वाटते, त्या सासूबाईच तुमचं काम सोपं करतील असं मला वाटतं. कोकण म्हटलं की घाटावर फक्त मासे आठवतात. पण इथे माळकरी घरं खूप आहेत आणि वाडीवाडीला भजनी मंडळ आहे. एकादशीला, श्रावणात, गणपतीत टाळ-मृदंग चालूच असतात. बार्शीकडून आलेल्या, हरिपाठ तोंडपाठ असलेल्या आजींना देवळात बसायला जागा मिळायला दोन एकादश्या पुरतील. तुम्हाला जे दोन वर्षांत जमणार नाही, ते त्या बसल्या जागी करतील. फक्त शेजारच्या बांगड्याच्या वासाबद्दल त्यांनी किंवा तुम्ही चकार शब्द काढू नका. घर बघतानाच घरमालकाला तुम्ही माळकरी असल्याचं सांगा. पुष्कळ जण स्वतःच म्हणतील, ‘आमची आईसुद्धा.’

ज्वारीचं विचारलं नाहीत, पण आठ दिवसांत तो प्रश्न निघणारच. इथे भाकरी तांदळाची. ज्वारी शहरातल्या दुकानात मिळते, पण बार्शीच्या चवीची नसते. यजमान महिन्याला पुण्याला जाणारच आहेत, पोतं त्यांच्या डोक्यावर द्या.

तुमच्या पत्रात मुलाचं मत कुठेच नाही. पंधरा वर्षांच्या मुलाचे मित्र चिंचवडला आहेत, आणि या सगळ्या हलवाहलवीत सगळ्यात जास्त त्याचंच सुटणार आहे. त्याला जुलैतल्या खेपेला आणा, कॉलेज दाखवा, आणि तो ‘नाही’ म्हणाला तर ते ऐकून घेण्याची तयारी ठेवा. दहावीऐवजी बारावीनंतर गेलात तरी रत्नागिरी जागेवर असेल. तो ‘हो’ म्हणाला तर वेळापत्रक सोपं आहे. अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन होतात, तेव्हा दहावीनंतर अर्ज चिंचवडहूनही भरता येईल. मेमध्ये भाड्याचं घर घ्या, म्हणजे पावसाच्या आधी अगोटीची बेगमी होईल: तांदूळ, मसाला, कडधान्य, आणि छपराखालचं घर असेल तर गळती काढून घेणं. चिंचवडचा फ्लॅट विकू नका, भाड्याने द्या. निदान दोन पावसाळे कोकणात जागा विकत घेण्याचा विषय काढायचा नाही, असं दोघांनी ठरवा.

करार अकरा महिन्यांचा होईल. तो करतानाच घरमालकाला विचारा की गणपतीत त्यांचे मुंबईचे लोक कुठे उतरतात. पुष्कळ घरी त्या दिवसांत मागची खोली, पडवी, अंगण सगळं लागतं, आणि भाडेकरू तेव्हा गावी जाईल असं मालकाने गृहीत धरलेलं असतं. तुम्ही जाणार नाही हे आधी सांगा. पहिल्या वर्षी गणपतीत आणि शिमग्याला पुण्याला पळू नका, महामार्गावर कितीही कोंडी झाली तरी तुम्हाला त्याचं काय, तुम्ही तर पोचलेल्याच असाल. शिमग्यात रत्नागिरीत ग्रामदैवत भैरीची पालखी फिरते. ती तुमच्या आळीत कोणत्या दिवशी येते आणि ओटीला काय लागतं, हे घरमालकिणीला आदल्या आठवड्यात विचारून घ्या.